वेड्यावाकड्या झाडांचा दवाखाना

सकाळी ६

ऑगस्ट सरत आला की उजाडायच्या आत माझा फोन फोटोंनी भरतो. दिवस लहान होऊ लागतात, उघड्यावरची गांजाची झाडं फुलोऱ्याकडे वळतात, आणि मे महिन्यात ज्यांनी हौसेने कुंडीत रोप लावलं त्यांना आपल्या झाडात भलतंच काहीतरी दिसू लागतं. कुणाचं खोड चपटं झालेलं असतं. कुणाच्या पानाच्या देठावर, जिथे कळी यायचं कारण नाही तिथे, कळी आलेली असते. कुणाचं पान निम्मं हिरवं, निम्मं पांढरंफटक. प्रत्येक फोटोखाली प्रश्न एकच असतो: हे म्युटेशन आहे का?

मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकले. आता कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ॲबट्सफर्डजवळ एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. फ्रेझर नदीचं हे खोरं म्हणजे ब्लूबेरीचा आणि हरितगृहांचा मुलूख. आमच्याकडे ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो यांचे नमुने नेहमीच येत. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाने गांजा कायदेशीर केला, एका घरात चार झाडं लावायला मुभा दिली, आणि मग गांजाही येऊ लागला. प्रांताप्रांतांचे नियम वेगळे आहेत. क्वेबेकने घरच्या लागवडीला बंदी घातली आणि २०२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. आमच्या प्रांतात झाडं लावता येतात, पण ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. फुलोऱ्यावर आलेलं झाड सार्वजनिक जागी नेणं तर देशभर गुन्हा आहे, म्हणून लोक झाड घेऊन येत नाहीत. मी त्यांच्याकडे जाते. भारतातल्या वाचकाला इथेच सांगून ठेवते की तिथे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. माझं काम या झाडाच्या धुराशी नाही, त्याच्या शेंड्याशी, मुळाशी आणि रोगांशी आहे.

सकाळी ७

चहा घेता घेता दोन उत्तरं लिहून टाकते, कारण त्यांना प्रयोगशाळेची गरज नाही.

पहिल्या फोटोत खालच्या पेरांवर पानं समोरासमोर आहेत आणि वरच्या पेरांवर एकाआड एक. मालक घाबरला आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. बियांपासून वाढलेलं गांजाचं रोप कोवळ्या वयात पानं जोडीने धरतं आणि वयात आलं की एकाआड एक धरू लागतं. छाट कलमाचं रोप हा वयात आलेल्या झाडाचाच तुकडा असल्याने ते सुरुवातीपासून एकाआड एकच धरतं. हा बदल म्हणजे झाड फुलोऱ्याला तयार झाल्याची खूण आहे.

दुसऱ्या फोटोतलं झाड घरातलं, दिव्याखालचं. फुलं काढून घेतल्यावर बाईंनी बुंधा ठेवला आणि दिवे पुन्हा अठरा तास चालू केले. आता त्यावर एकेरी पात्याची, गुळगुळीत कडेची, पिळवटलेली पालवी फुटली आहे. गांजाचं पान म्हणजे पाच, सात, नऊ पात्यांचा पंजा, हे सगळ्यांच्या डोळ्यांत इतकं बसलेलं असतं की एकेरी पान दिसलं की लोकांना ते झाडच परकं वाटू लागतं. झाडाच्या बाजूने पाहा. बारा तासांच्या रात्रीने त्याला फुलायला लावलं होतं. अचानक रात्र आखूड झाली, तेव्हा ते अर्ध्या वाटेवरून पालवीकडे वळलं, आणि वळताना त्याने रोपपणीची साधी पानं पुन्हा काढली. काही आठवड्यांत पाती तीन होतील, मग पाच. मी लिहिते: काही करू नका, खत वाढवू नका, वाट पाहा.

'वाट पाहा' हे उत्तर लोकांना आवडत नाही. पैसे देऊन औषध घ्यायची त्यांची तयारी असते, आठवडाभर थांबायची नसते.

सकाळी साडेआठ

प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं की पांढरा कोट, हातमोजे, टेबल पुसणं. रात्री थंडीत ठेवलेले नमुने काढून नोंदवहीत चढवते. आजच्यांत एका तरुणाने आणलेला रोपांचा ट्रे आहे. ही रोपं फुलोऱ्यापासून दूर आहेत, म्हणून आणता आली.

एका रोपाला दोनाऐवजी तीन दलपत्रं आहेत, आणि त्यापुढच्या प्रत्येक पेरावर तीन-तीन पानं. हे रोप गर्भातच तिघाडी होऊन आलं. अशी रोपं दिसायला भरगच्च असतात, म्हणून त्यांचं मोल वाढवून सांगितलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. वाढता वाढता बहुतेक झाडं ही सवय सोडतात आणि एकाआड एक पानांवर येतात. त्यांच्या छाट कलमांतही ती टिकेल असं धरून चालू नये.

दुसऱ्या कप्प्यात एकाच बीतून दोन रोपं उगवली आहेत. याचं नवल कोकणी माणसाला सांगायला नको. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही आंब्यांच्या कोयीतून अशी एकाहून जास्त रोपं येतात आणि बागायतदार त्यांचा खुंटासाठी उपयोग करतात. गांजात हे क्वचित घडतं. मुळं गुंतायच्या आत दोन्ही रोपं हलक्या हाताने वेगळी केली तर बरेचदा दोन्ही जगतात.

तिसरं रोप खरं देखणं आहे. त्याच्या पानाची मधली शीर ही सीमा, एका बाजूला गर्द हिरवं, दुसऱ्या बाजूला पांढरं. शेंड्यातल्या पेशी थराथराने वाढतात. त्यातल्या एखाद्या पेशीची हरितद्रव्य तयार करायची क्षमता गेली की तिच्या पोटी जन्मलेल्या सगळ्या पेशी पांढऱ्या निघतात. हे मात्र खरोखर म्युटेशन आहे. एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात, म्हणून शास्त्रात याला कायमेरा म्हणतात. पांढरा भाग स्वतःचं अन्न करू शकत नाही, हिरव्याच्या जिवावर जगतो. रोप पूर्ण पांढरंच उगवलं तर बीमधला साठा संपेपर्यंतच त्याचं आयुष्य.

इथे एक गोष्ट डोळ्यांना शिकवावी लागते. पांढऱ्याची कड रेघेसारखी स्पष्ट असेल, शिरेला धरून असेल, पेरामागून पेर एकाच बाजूला येत असेल तर तो कायमेरा. पांढरे-पिवळे ठिपके विखुरलेले, कडा धूसर, पान सुरकुतलेलं असेल तर विषाणूची शंका घ्यायची आणि त्या झाडाला लावलेला हात दुसऱ्या झाडाला लावायचा नाही.

तरुणाचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. म्युटेशन म्हणजे झाड जास्त तेज का? नाही. पानाचा आकार बदलणारं जनुक वेगळं, फुलातली राळ ठरवणारी जनुकं वेगळी. बदकाच्या पायासारखी पाती जोडलेली एक जात आहे, नेच्यासारख्या बारीक चिरलेल्या पानांची 'फ्रीकशो' नावाची दुसरी आहे. त्या जपल्या गेल्या त्या मुख्यतः त्यांच्या रूपासाठी, आणि बदकपायाची तर ती गांजा वाटत नाही म्हणूनही. गांजाच्या पेशीत २० गुणसूत्रं असतात. त्यांचा संच तिप्पट झाला की ३० होतात आणि झाडाला बी जवळजवळ धरत नाही. बिनबियांच्या कलिंगडाचं तंत्र तेच. पैदासकारांना त्याचं महत्त्व आहे. पण तीन गुणसूत्रसंच आणि पेरावरची तीन पानं यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि बाजारात मात्र दोन्ही सर्रास एकत्र करून विकलं जातं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

सकाळी १०

घरभेटींचा क्रम ठरलेला असतो. निरोगी वाटणारं घर आधी, किडीची शंका असलेलं शेवटी. त्यानंतर त्या दिवशी तिसऱ्या घरात जायचं नाही.

पहिलं घर लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांचं. मागच्या अंगणात उंच कुंपण, त्याला लागून टोमॅटो, आणि कोपऱ्यात त्यांचं लाडकं झाड. त्याचा मधला शेंडा तळहाताएवढा रुंद, चपटा, वर पंख्यासारखा पसरलेला आणि फुलांनी गच्च भरलेला. आजूबाजूच्या फांद्या मात्र अगदी नेहमीसारख्या.

"तुमच्या देशात असं पाहिलंय का कधी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना फोनवर कोंबड्याच्या फुलाचा फोटो दाखवला. आपल्या अंगणात, हारांच्या दुकानात दिसणारा तो मखमली लाल तुरा म्हणजे हाच प्रकार. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बी राखून तो कायमचा केला. झाडाचा वाढता शेंडा म्हणजे पेशींचा एक बारीक घुमट असतो. एक जनुक म्हणतं नव्या पेशी करत राहा, दुसऱ्या जनुकांचा गट म्हणतो आवर घाल. दोघांच्या ओढाताणीत घुमटाचा आकार टिकतो. आवर ढिला पडला की घुमट आडवा वाढून रेघ होतो आणि त्यातून निघणारं खोड चपटं होतं. हे कोंबड्यासारखं आनुवंशिक असू शकतं. कोवळेपणी शेंड्याला इजा झाली, कडाका लागला, एखादा जिवाणू शिरला, तरीही होतं. रोडोकॉकस फॅशियन्स हा जिवाणू त्यासाठी ओळखला जातो, पण त्याच्या लागणीत बुंध्याशी बारीक, जाड, आखूड कोंबांचा झुबका दिसतो. मी गुडघे टेकून बुंधा पाहिला. झुबका नव्हता. एकाच शेंड्यावर, एकाच झाडावर. पसरायची भीती नाही.

माझी काळजी निराळी होती. या खोऱ्यात सप्टेंबर संपता संपता पाऊस सुरू होतो. इतक्या दाट फुलोऱ्यात पाणी अडकलं की बोट्रायटिसची करडी बुरशी आतून सुरू होते आणि बाहेर दिसेपर्यंत निम्मं कणीस गेलेलं असतं. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना घडात शिरणारी बुरशी सांगायला नको. मी आजोबांना म्हटलं, वर छत घाला, सकाळी दव झटकत जा, आणि मधलं एखादं पान तपकिरी होऊन सहज हातात आलं तर तो भाग त्याच दिवशी कापा. त्यांनी लगेच मोजपट्टी काढली.

सकाळी साडेअकरा

दुसरं घर तळघरातलं. बेकरीत पहाटपाळी करणारी तरुण बाई, तंबूत दोन झाडं, दिवे, पंखा. शेंड्याची पानं अरुंद, पिळलेली, ओल्या चकाकीची. तिने आधी कॅल्शियम घातलं, मग मॅग्नेशियम, मग पाण्याचा सामू बदलला. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की हे दुर्मीळ म्युटेशन आहे, जपून ठेव.

जुनी पानं ठणठणीत आणि फक्त नवीन शेंडा पिळलेला, ही खूण पाहिल्यावर मी खिशातलं भिंग काढते. पानाच्या मागे, शिरेच्या कुशीत पाहावं लागतं. हा कोळी ०.२ मिलिमीटरचा, पारदर्शक पिवळसर. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्याची अंडी मात्र भिंगाखाली ओळखू येतात: लंबगोल, चिकटलेली, वर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. तशी ती दिसली. पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस. महाराष्ट्रातला मिरची उत्पादक याला नावाने नाही तरी कामाने ओळखतो. मिरचीचा चुरडा-मुरडा ज्या किडींमुळे येतो त्यातला हा एक. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून देठ लांबला तर कोळी, हे आम्हाला राहुरीच्या शेतात उभं करून शिकवलं होतं. ते इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दिव्याखालच्या झाडालाही लागू पडतं.

गांजाचा स्वतःचा आणखी एक कोळी आहे, ॲक्युलॉप्स कॅनॅबिकोला. तो याहून लहान, गाजराच्या आकाराचा, चारच पायांचा. तुरीचा वांझ रोग पसरवणारा कोळी त्याच्याच कुळातला. त्याच्यामुळे पानाच्या कडा वर मुडपतात. तो या झाडांवर नव्हता.

मी तिला स्पष्ट सांगितलं की जास्त बिघडलेलं झाड पिशवीत बांधून आजच बाहेर काढायचं. दुसऱ्याचे पिळलेले शेंडे छाटून भक्षक कोळी सोडायचे. हरितगृहवाले ते नेहमी वापरतात. आणि कीड गेल्यावरही दोन-तीन आठवडे पानं वाकडीच निघतील, कारण ती कोंबात असतानाच दुखावली गेली आहेत. तेवढ्यात धीर सोडून पुन्हा औषध मारायचं नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नाही?" नव्हतंच चुकलं. तिच्याकडे भिंग नव्हतं, आणि दुकानदाराने तिला बरी वाटेल अशी गोष्ट सांगितली होती.

गाडीत बसण्याआधी कपडे बदलून पिशवीत बंद करते.

दुपारी १

डबा. आज भाकरी नाही, पोळी आणि घेवड्याची भाजी. खिडकीतून सुमास मैदानाकडची सपाट जमीन दिसते. या खोऱ्यात एकेकाळी हॉप्सच्या बागा होत्या. ज्याची फुलं बिअरला कडवट चव देतात तो वेल. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, सख्खे म्हणावेत इतके जवळचे. दुपारनंतरच्या कामाचं मूळ या नात्यात आहे.

दुपारी २

काल एका हौशी मंडळातल्या लोकांनी आपापल्या झाडांच्या मुळांचे तुकडे दिले होते. ते एकमेकांना छाट कलमं वाटतात. सकाळपासून माझ्या सहकाऱ्याने त्यातून आरएनए काढला, आणि आता पीसीआर यंत्राच्या पडद्यावर रेषा वर चढू लागल्या आहेत. एक नमुना मुद्दाम ठेवलेला निरोगी, एक मुद्दाम ठेवलेला रोगट. ते दोन्ही अपेक्षेप्रमाणे वागले तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

आम्ही शोधतो आहोत हॉप लेटंट विरॉइड. विरॉइड हा रोगकारकांतला सगळ्यात लहान प्रकार. १९७१ साली थिओडोर डायनर यांनी अमेरिकेत बटाट्यावरच्या एका रोगात तो पहिल्यांदा दाखवून दिला, तोवर इतक्या लहान वस्तूने रोग होऊ शकतो हे कुणी मानत नव्हतं. विषाणूला निदान प्रथिनाचं आवरण असतं, विरॉइडला तेही नाही. आरएनएचं एक उघडं कडं, बस्स. हॉप्समधल्या या विरॉइडची रचना १९८८ साली उलगडली. त्याची लांबी २५६ अक्षरं. कोविडच्या विषाणूची सुमारे तीस हजार आहे, यावरून अंदाज यावा. हे २५६ अक्षरांचं कडं एकही प्रथिन तयार करत नाही. झाडाचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढत राहतं.

हॉप्सवर ते बहुधा गुपचूप राहतं. गांजावर मात्र २०१९ साली कॅलिफोर्नियातून नोंद झाली की ज्या खुरट्या झाडांना शेतकरी नुसतं 'डड' (फुसकी) म्हणत होते त्यांच्यात हाच विरॉइड आहे. पानं लहान, फांद्या आडव्या आणि ठिसूळ, फुलं विरळ, राळ कमी. पण हे झालं दिसलं तर. महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मातृवृक्ष हिरवागार उभा असतो, त्याची कलमं उत्साहाने वाटली जातात, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, आणि प्रत्येक कापाबरोबर रस पोचतो. बियांतूनही तो जातो, पण खरा प्रवास कलमांचा आणि हत्यारांचा.

सव्वातीनपर्यंत निकाल आला. मंडळातल्या ज्या झाडाबद्दल सगळ्यांना शंका होती, वाकड्या दुहेरी पानांचं, ते स्वच्छ निघालं. ज्याची कलमं सगळ्यांनी आनंदाने नेली होती, ते सरळ, डौलदार, फोटोत सगळ्यात सुंदर दिसणारं झाड बाधित होतं.

या कामात मी पुन्हापुन्हा हेच पाहते. विचित्र दिसणारं झाड बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. चपटं खोड, तिघाडी पानं, पांढरा पट्टा, देठावरची कळी, यांनी शेजारच्या झाडाचं काही बिघडत नाही. ज्याने खरं नुकसान होतं त्याला रूपच नसतं. माणसाचा डोळा वैचित्र्यावर थांबतो, आणि त्याच वेळी हातातली कात्री रोग वाटत फिरते. म्हणून मंडळाच्या प्रमुखाला फोन करून सांगितलं: ते झाड आणि त्याची सगळी कलमं काढा. कुणाला दोष देऊ नका, दिसत नसलेलं कुणाला कळणार? यापुढे चाचणी झाल्याशिवाय कलम द्यायचं-घ्यायचं नाही. चाचणीला पानापेक्षा मूळ बरं, तिथे विरॉइड जास्त भरवशाने सापडतो. आणि कात्री प्रत्येक झाडामागे दहा टक्के ब्लीचच्या द्रावणात बुडवायची. स्पिरिटने पुसल्याने काम होत नाही. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी नावांची यादी करायला घेतली. अवघड फोन होता आणि त्यांनी तो फार सभ्यपणे घेतला.

दुपारी ४

निवृत्त परिचारिका असलेल्या एका बाईंचा व्हिडिओ कॉल. मादी झाडाच्या फुलात केळ्याच्या आकाराचे पिवळे परागकोश डोकावताहेत. गांजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पण मादी झाडावर ताण आला तर ते स्वतःच थोडा पराग तयार करतं. अंधाराच्या तासांत दिवा लागला, उष्णता वाढली, किंवा फुलोरा फार लांबला, अशी कारणं असतात; काही वाणांना ही सवय रक्तातूनच असते. इथल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात झमीर पुंजा यांनी आपल्या सहकाऱ्यासह २०२० साली या उभयलिंगी फुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा परागातून धरलेल्या बियांची रोपं आनुवंशिकदृष्ट्या मादीच निघाली, कारण नराचं वाय गुणसूत्र त्यात येणारच कुठून?

बंगालमध्ये नौगावच्या सरकारी देखरेखीतल्या गांजाच्या शेतांत पराग देणारी झाडं हुडकायला वेगळा माणूस असे. १८९३-९४च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाच्या अहवालात त्याचं वर्णन आहे. त्याला पोद्दार किंवा गांजा-डॉक्टर म्हणत. तो ओळीओळीने फिरून नर झाडं ओळखायचा आणि ती उपटली जायची. हातात यंत्र नाही, भिंग नाही; कळी उमलायच्या आत नर-मादी सांगायचा. मला त्या अनाम माणसांबद्दल फार आदर वाटतो. बाईंना मी तेच करायला सांगितलं जे त्याने केलं असतं: रोज सकाळी फुलं बघा, परागकोश फुटायच्या आत चिमट्याने काढा, फार झाले तर झाड बाजूला करा.

पावणेपाच

एका घरून आलेल्या फोटोंत सगळ्याच झाडांचे शेंडे फर्नसारखे गुंडाळलेत, आणि शेजारच्या घेवड्याचेही. दोन वेगळ्या कुळांतली झाडं एकाच वेळी एकाच तऱ्हेने वाकडी झाली की रोग नाही, रसायन शोधायचं. त्यांनी नवं शेणखत आणलं होतं. गवतावर मारलेलं संजीवक प्रकारचं तणनाशक जनावराच्या पोटातून जाऊनही खतात टिकतं. आपल्याकडे उसात किंवा ज्वारीत मारलेलं २,४-डी वाऱ्याने कपाशीवर गेलं की पानं भेंडीसारखी चिरतात, तोच हा प्रकार. खत काढायला सांगितलं.

रात्री साडेआठ

तिकडे सकाळचे नऊ. धाकटा भाऊ राहुरी तालुक्यातल्या शेतातून व्हिडिओवर.

"ताई, हे बघ. वांग्याला फळच नाही. पानं बघ कसली बारीक, नुसता झुबका. शेजारचे भाऊ म्हणतात बियाणंच बदललंय."

"बियाणं नाही रे. फूल दाखव जवळून. हिरवं पडलंय का?"

"हिरवंच दिसतंय. पानासारखं."

पर्णगुच्छ. फायटोप्लाझ्मा नावाचा, भिंत नसलेला जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि फुलाला पान करून टाकतो. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी तुतीवर तो पहिल्यांदा दाखवला, तोवर असे रोग विषाणूंचे समजले जात. भारतात गांजाच्या झाडावरही त्याच गटातल्या जिवाणूने झुबके येतात, याची नोंद २००८ सालची. झाडं वेगळी, रोगाची तऱ्हा एकच. वांग्यात तो तुडतुडे पसरवतात, आणि लागण झालेलं झाड बरं होत नाही.

"उपट सगळी. बांधावर टाकू नको, जाळून टाक. आणि तुडतुड्यांचं आजच बघ, नाहीतर उरलेलं रान जाईल."

"सगळी उपटू? वीसेक झाडं आहेत, ताई."

"वीसच आहेत तोवर उपट."

तो फावडं आणायला गेला.

वाचकांना एवढंच सांगणं आहे की मिरची असो, वांगं असो की गच्चीवरची झेंडू-तुळस, झाडाने वेडंवाकडं रूप घेतलं तर दुकानात औषध विचारण्याआधी नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात जा. रोगट फांदीबरोबर त्याच झाडाची निरोगी फांदी न्या, शक्य असेल तर थोडं मूळही. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, ओलं करू नका, तीन-चार दिवसांचे फोटो सोबत असू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत पान वाटेतच सडतं, आणि सडलेल्या पानावर कुणालाही बुरशीच सापडते.